‘ओढ-विनंती’ नको, ‘फेरफार अर्ज’ घ्या

अचलपूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: मुक्त सॉफ्टवेअरच्या एका होस्टिंग मंचावर आजवर पॅच (कोडमधल्या बदलांच्या फाइली) ईमेलनेच पाठवावे लागत. आता वेबवरून ‘पुल रिक्वेस्ट’ करायची सोय येते आहे. मराठी अनुवादात ‘ओढ-विनंती’ हा शब्द सुचवला गेलाय. तो बरोबर आहे का? आणि कोड मी पाठवते, मग ‘पुल’ कसे?

‘पुल’ करणाऱ्या तुम्ही नाहीच. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ‘पुल’ म्हणजे दुसऱ्याकडचे बदल आणून आपल्या शाखेत (कोडच्या आपल्या आवृत्तीत) मिसळणे, आणि ते काम प्रकल्प सांभाळणाऱ्याचे. तुम्ही फक्त म्हणता, ‘माझ्याकडचे बदल घ्या.’ गिटमध्ये ‘रिक्वेस्ट-पुल’ नावाची आज्ञाच आहे. ती ईमेलने पाठवण्याजोगा सारांश तयार करून देते. २००८ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने ‘पुल रिक्वेस्ट’ वेबवर आणली आणि तेच नाव रुळले. तसेच दुसरे संकेतस्थळ गिटलॅब ‘मर्ज रिक्वेस्ट’ (मिसळण्याची विनंती) म्हणते, ते मला जास्त सरळ वाटते.

‘ओढ-विनंती’ मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे ओढ माहेरची असते, नाहीतर पाऊस देतो ती. जुलैत पावसाने ओढ दिली की सोयाबीन माना टाकते. ज्या गावात हे बोलले जाते तिथे त्या बटणाचा अर्थ कुणाला लागणार? ‘विलीनीकरण विनंती’ अर्थाने बरोबर, पण विलीनीकरण संस्थानांचे आणि बँकांचे होते, चार ओळींच्या दुरुस्तीचे नाही. ‘बदल-विनंती’ सोपा खरा, पण त्यातून ‘तुम्ही बदल करा’ असे ऐकू येते. इथे बदल तर आधीच झालेला असतो.

म्हणून ‘फेरफार अर्ज’. विदर्भातल्या शेतकरी घरात हा शब्द शिकवावा लागत नाही. जमिनीचा वारसा आलेला असतो. कागद जोडून पटवाऱ्याकडे अर्ज जातो, आता ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येतो. फेरफाराला क्रमांक पडतो, नोटीस निघते, हरकती ऐकल्या जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. पुल रिक्वेस्टचेही असेच: क्रमांक, चर्चा, तपासणी, मंजुरी, आणि मगच मुख्य शाखेत बदल. शिवाय ‘अर्ज’ म्हटले की त्यावर निर्णय व्हायलाच हवा, हेही त्यात आले. ‘विनंती’त तो हक्क नाही.

एक हरकत येईल, आणि ती रास्त आहे. ‘कागदपत्रांत फेरफार’ म्हटले की लबाडी डोळ्यांसमोर येते. म्हणून बटणावर नुसते ‘फेरफार’ लिहू नका, ‘अर्ज’ सोबत ठेवाच. उघडपणे अर्ज करून कुणी लबाडी करत नाही. बाकीचे शब्द मग आपोआप सुचतात: ड्राफ्टला ‘कच्चा अर्ज’, रिव्ह्यूला ‘तपासणी’, मर्ज झाल्यावर ‘नोंद घेतली’, न घेता बंद केल्यास ‘नामंजूर’. बोलताना ‘पुल रिक्वेस्ट’च म्हणा, त्यात काही वावगे नाही.