दोघेही अडुसष्ट वर्षांचे, मग दम एकालाच का?

प्रश्न : शाळेपासूनचा एक मित्र आणि मी रोज सकाळी पर्वती चढतो. तो दर्शन घेऊन परत खाली येऊ लागतो, तेव्हा मी निम्म्या पायऱ्यांवर कठड्याला धरून उभा असतो. शिवाय अलीकडे ओळखीच्यांची नावे चटकन आठवत नाहीत. तिशीनंतर बुद्धी उतरणीला लागते, असे वाचले होते. हे सारे वयाचेच समजावे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : तिशीचा तो समज बराचसा मोजण्याच्या पद्धतीतून आला आहे. पंचविशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांची एकाच दिवशी परीक्षा घेतली, तर दिसणारा फरक वयाचा की वेगळ्या काळातील शिक्षणाचा आणि आहाराचा, हे उलगडत नाही. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा विचारांचा वेग लवकर मंदावत असला, तरी शब्दसंपत्ती आणि तर्कशक्ती बहुतेकांत साठीपर्यंत टिकून असल्याचे आढळले. त्यामुळे नाव उशिरा आठवणे वयाचे मानता येईल. रोजचा रस्ता चुकू लागणे मात्र वेगळे, त्यासाठी डॉक्टरांनाच भेटावे.

मित्राचे कोडे न्यूझीलंडमधील ड्युनेडिनच्या अभ्यासाने बरेच सोडवले आहे. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा आजवर घेतला जात आहे. ती ३८ वर्षांची झाली, तेव्हा रक्तदाब, फुफ्फुसे, मूत्रपिंडे, रक्तातील साखर अशा मोजमापांवरून त्यांचे जैविक वय, म्हणजे शरीर प्रत्यक्षात किती वयाचे झाले आहे ते, काढण्यात आले; कोणाचे २८ भरले, तर कोणाचे चक्क ६१! पंचेचाळिशीत ज्यांची चाल मंद होती, त्यांचे चेहरेही अधिक वयस्क दिसत होते.

या फरकाची मुळे किती मागे जातात, याचा एक धागा आपल्या पुण्याजवळच सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती, आणि अशा ठेवणीचा संबंध पुढील मधुमेहाच्या धोक्याशी जोडला जातो.

म्हणून मित्राशी तुलना सोडून स्वतःच्याच गेल्या वर्षाशी तुलना करावी. तेव्हा न थांबता चढत असाल आणि आता थांबावे लागत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून न सोडता हृदय, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन याच आठवड्यात तपासून घ्यावे. तोवर पायऱ्या चढू नयेत.