पांढरी शाई तळाशी बसते तेव्हा

प्रश्न : रत्नागिरीत आमचं डिजिटल प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. इको-सॉल्व्हंट (द्रावकातली शाई वापरणाऱ्या) मशीनमध्ये चार रंगांसोबत पांढरी शाईही आहे. काचेवरच्या पारदर्शक स्टिकरसाठी ती लागते. गणपतीत नऊ दिवस दुकान बंद होतं. लाइट सारखी येते-जाते म्हणून मेन स्विच पाडून गावी गेलो. परत आलो तर पांढरा रंग पाणी घातलेल्या दुधासारखा उमटतोय. सहा वेळा पॉवर क्लिनिंग केलं, आता मॅजेंटाचेही नोझल मिस होतायत. हेड गेलं का? की शाईच बनावट निघाली? – एक वाचक

उत्तर : सर्वांत आधी, सातवं क्लिनिंग करू नका. पांढरा पातळ का होईना उमटतोय, म्हणजे हेड (नोझल या बारीक छिद्रांतून शाई उडवणारा भाग) शाई फेकतंय. त्याच्यापर्यंत पोचत नाही तो शाईतला रंग. म्हणून शाईवरही लगेच बनावटीचा शिक्का मारू नका.

पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. पाण्याच्या चौपटीहून जड. कण बारीक केले की तरंगत राहतील, असं वाटतं; पण पांढरेपणा येतो तो कणांनी प्रकाश विखुरल्यामुळे, आणि त्यासाठी कण पाव मायक्रॉनच्या आसपास असावा लागतो. त्याहून फार बारीक केला तर तो पारदर्शक दिसायला लागतो. म्हणजे शाई झाकणारी हवी असेल तर कण जड आणि तुलनेनं मोठा राहणारच, आणि स्वस्थ ठेवली की साका धरणारच. हा पांढरा रंग ज्या इल्मेनाइटपासून करता येतो, ते खनिज तुमच्याच किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. ती वाळू हातात घेतलीत की वजनाचा अंदाज येईल.

माझ्या दुकानात पांढरी शाई नवीन होती, तेव्हा एका दवाखान्याच्या काचेचं काम आलं. अक्षरं फिकी येत होती. मी रंगांच्या सेटिंगचं प्रोफाइल बदललं, पांढऱ्याचे दोन थर दिले, विनाइलचा अख्खा रोल गेला. शेवटी 220 मिलीची कार्ट्रिज कापून पाहिली. वर निवळी, आणि तळाशी पानाच्या डबीतल्या चुन्यासारखा घट्ट थर. दोष काढत होतो मशीनचा, आणि आठवडाभर कार्ट्रिज हलवली नव्हती मीच. त्या दिवशीचं मला अजून लागतं, कारण काम देणाऱ्याला दिलेली तारीख चुकली.

आता तुमचं. क्लिनिंग म्हणजे हेड जिथं टेकतं त्या कॅपमधून ओढलेला पंपाचा जोर. नळीत साका असताना जोर लावला, की तो साका डॅम्परच्या (हेडच्या अलीकडच्या शाईच्या छोट्या डबीच्या) जाळीत आणि हेडकडे ओढला जातो. आणि कॅपच्या रबरी कडेवर शाई वाळलेली असेल तर कॅप नीट बसत नाही, शाईऐवजी हवा ओढली जाते. मॅजेंटा बहुधा त्यानंच सुटला असावा. मशीन रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी फक्त नोझल चेक (कुठले नोझल चालू आहेत ते दाखवणारी चाचणीची छपाई) काढा. पुष्कळदा अर्धे नोझल आपसूक परततात.

मग कार्ट्रिज काढून हळूहळू आडवी-उभी करत पाच मिनिटं हलवा. जोरानं घुसळू नका, फेस होतो आणि बुडबुडे नळीत जातात. केबल चेनमधली (हेडसोबत सरकणाऱ्या साखळीतली) आडवी नळी सगळे विसरतात, साका तिथंही असतो. मॅन्युअलप्रमाणे मशीन बंद करून पांढऱ्याची नळी डॅम्परपाशी सोडवा आणि सिरिंजनं शाई ओढा, एकसारखी दाट येईपर्यंत. डॅम्पर जुना असेल तर नवीनच बसवा. या कामाची सवय नसेल तर सर्व्हिसवाल्याला बोलवा, हेडच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही. कॅपची कड, वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) आणि हेडच्या बाजू स्वॅबनं पुसा, नोझलच्या पट्टीला मात्र स्वॅब लावू नका. पुसायला क्लिनिंगचा द्रव शाईच्याच कंपनीचा घ्या. थिनर नको, आणि कोमट पाणी तर अजिबात नको. सॉल्व्हंट शाईत पाणी गेलं की ती फुटते. कॅपमध्ये त्याच द्रवाचे थेंब भरून हेड पार्क करा, दोन-तीन तास थांबा, आणि मग एकच साधं क्लिनिंग. निघालेली शाई मोरीत ओतू नका.

पांढऱ्याचा नोझल चेक पांढऱ्या मीडियावर (ज्यावर छापतो त्या कागद-विनाइलवर) दिसत नाही. मी काळ्या विनाइलचे कापलेले तुकडे त्यासाठीच जपून ठेवतो. शिवाय दर सोमवारी पारदर्शक विनाइलवर पांढऱ्याचा एक चौकोन छापतो, तारीख घालतो आणि काळ्या पुठ्ठ्यावर मागच्या सोमवारच्या शेजारी चिकटवतो. शाई पातळ होत चालली तर गिऱ्हाइकाच्या आधी मला कळतं.

पुढच्या गणपतीला मेन स्विच पाडायचाच असेल, तर जाण्याआधी पांढऱ्याची लाइन फ्लश करून त्यात क्लिनिंगचा द्रव भरून ठेवा. मशीन चालू ठेवलं तर बरीच मॉडेल शाई आपोआप फिरवतात किंवा थोडी थोडी टाकत राहतात. तुमचं काय करतं ते मॅन्युअलमध्ये पाहा. आणि माझं स्पष्ट मत सांगतो : आठवड्यातून एकही पांढऱ्याचं काम नसेल तर ती शाई मशीनमध्ये ठेवूच नका. तेवढी कामं बाहेरून छापून घ्या.

प्रश्न : यूव्ही फ्लॅटबेडवर आरशासारखं ॲक्रिलिक छापलं की हेडच्या एकाच बाजूचे नोझल बंद पडतात, क्लिनिंगनं उघडत नाहीत. – सोलापूरहून एक वाचक

उत्तर : यूव्ही (अतिनील) शाई पक्की करणाऱ्या दिव्याचा प्रकाश आरशावरून उलटून हेडवर पडतोय, आणि शाई नोझलवरच पक्की होतेय. इको-सॉल्व्हंटची वाळलेली शाई द्रवात पुन्हा सुटते, यूव्हीची पक्की झालेली नाही सुटत. म्हणून आता जे नोझल उघडे आहेत ते वाचवा. दिव्याची ताकद कमी करा, छपाई एकाच दिशेनं घ्या म्हणजे हेडच्या मागचा एकच दिवा लागेल, हेडची उंची कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत जितकी कमी करता येईल तितकी करा, आणि मालाभोवतीचा उघडा चकचकीत भाग काळ्या मॅट कागदानं झाका. खिडकीचं ऊनही मशीनवर नको. ओल्या यूव्ही शाईला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला. एकदा कातडीला तिची ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा शाईनंही पुरळ उठतं.