ठाण्याच्या गच्चीवरून ताऱ्यांचं प्रकाशमापन जमेल का?

तुम्ही घोडबंदर रोडला राहता, डीएसएलआर आणि ट्रायपॉड आहे, दुर्बीण नाही, आणि आकाश रात्रभर पिवळट. अशात प्रकाशमापनाचा, म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजण्याचा प्रकल्प होईल का, हा तुमचा प्रश्न.

नक्की होईल. मी कोलशेतला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून करतो. ताऱ्याचं तेज आपण त्याच फोटोतल्या, प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ताडून पाहतो. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड शेजारच्या रिकाम्या आकाशावरून मोजून वजा करता येतो. तेजोमेघांच्या फोटोंसाठी वांगणीसारखं अंधारं ठिकाण गाठावं लागतं, याला गच्ची पुरते.

ययाती (पर्सियस) तारकासमूहातल्या अलगोल या जोडताऱ्यापासून सुरुवात करा. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद जोडीदार त्याच्या आड येतो आणि तेज प्रत 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरतं. उतरणं-चढणं मिळून साधारण 10 तास. प्रत्येक ग्रहण तिसऱ्या दिवशी, पण आधीच्यापेक्षा 3 तास 11 मिनिटं लवकर येतं, म्हणून संध्याकाळी सापडणारी ग्रहणं आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ.

50 एमएमची लेन्स, आयएसओ 400, 5 सेकंद. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच घ्या. जेपीईजी करताना कॅमेरा उजेडाचे आकडे बदलून टाकतो. फोकस थोडा बिघडवा, म्हणजे ताऱ्याचा ठिपका पसरतो आणि मधले पिक्सेल पांढरेफटक होत नाहीत. एका वेळी 10-15 फोटो, हिरव्या चॅनलची सरासरी.

तुलनेचे तारे मात्र जपून निवडा. मी पहिल्या हिवाळ्यात अलगोलच्या अगदी शेजारचा, ययातीतलाच ऱ्हो पर्सी हा तारा घेतला होता. ग्रहण नसलेल्या रात्रीही अलगोलची प्रत आठवड्यागणिक सरकत होती. लेन्स पुसली, सगळी गणितं पुन्हा केली. शेवटी कळलं, ऱ्हो पर्सी स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, प्रत 3.3 ते 4 च्या दरम्यान फिरणारा. ते सगळे फोटो एप्सिलॉन आणि डेल्टा पर्सी धरून मी परत मोजले, तेव्हा आलेख सरळ झाला.

कॅमेऱ्याचं घड्याळ रोज मोबाइलशी जुळवा. नीचतम तेजाची वेळ हाच तुमचा खरा निकाल. अशा वेळा वर्षानुवर्षं जमल्या की जोडताऱ्याचा आवर्तकाळ बदलतोय का ते कळतं. नोंदी एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या, 1911 पासूनच्या अमेरिकी संस्थेकडे पाठवा. डीएसएलआरसाठीची त्यांची पुस्तिका मोफत मिळते. जेसोरच्या (आता बांगलादेशात) राधागोविंद चंद्र या हौशी निरीक्षकाने तिथे 37 हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या, त्यातल्या कितीतरी 3 इंची दुर्बिणीतून, नुसत्या डोळ्यांनी ताडून. दोन ग्रहणं पूर्ण टिपेपर्यंत नवीन काही विकत घेऊ नका.