तुमचे प्रश्न : परदेशी गेल्यावर सरकारी उपचार मिळतात का?

प्रश्न : मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार (एसएस, म्हणजे वाहक नाही, रुग्ण) आहे, त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज चालू आहे. सप्टेंबरात ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी इंग्लंडला चालली आहे. तिथले सरकारी दवाखाने तिला घेतील, की आजार आधीचाच आहे म्हणून परत पाठवतील?
– एक वडील, गोंडपिपरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : घेतील, निर्धास्त राहा. आधीच्या आजाराची अट खासगी विम्यात असते, तिथल्या एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेत, नाही. मात्र हा हक्क व्हिसासोबत येतो. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज भरतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. हिशेब चुकतो तो इथेच. कोर्स १२ महिन्यांचा असला तरी व्हिसा मागचेपुढचे महिने धरून १६-१७ महिन्यांचा मिळतो, आणि वर्षावरच्या सहा महिन्यांपर्यंतच्या काळाला अर्ध्या वर्षाचे पैसे लागतात. म्हणजे ७७६ आणि ३८८ मिळून १,१६४ पौंड, तेही एकरकमी. व्हिसा नाकारला तर ही रक्कम परत मिळते. शिष्यवृत्ती असेल तर हा खर्च तिच्यात धरला आहे का, ते आजच विचारून घ्या.

अधिभार भरला म्हणजे दवाखान्यात नाव लागलं, असं नाही. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात खोलीजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी करायची. ती फुकट आहे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून इंग्लंडमधला जीपी नोंदणी नाकारू शकत नाही. काउंटरवर कुणी अडवलं तर मुलीने हे शांतपणे सांगावं. हायड्रॉक्सियुरिया जीपी सहसा स्वतःहून सुरू करत नाही, रक्तविकार तज्ज्ञाकडे पाठवतो आणि त्यात आठवडे जातात. म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत द्या. पत्रात ब्रँड नको. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅममधला डोस आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) हवा. दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेत असेल तर तेही त्यात लिहून घ्या, कारण तिथे ते नियंत्रित औषध आहे.

आता रिपोर्ट. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी चाचणी फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा, टक्केवारी असलेला कागद लागतो. घरी फक्त सिकलसेल कार्ड असेल तर तो रिपोर्ट निघण्याआधी काढून घ्या.

तपासणी आणि भरती यांचे वेगळे पैसे नाहीत, पण इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात (२०२५चा दर). सिकलसेल जन्मभराचा आजार असूनही माफीच्या यादीत नाही, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. तीन-चार औषधं असतील तर ११४.५० पौंडांचा वर्षाचा आगाऊ पास स्वस्त पडतो. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये औषधं मोफत आहेत.

आपल्या उन्हातून गेलेल्या मुलीला ऑक्टोबरची थंडी बाधू शकते. थंडीने आणि पाणी कमी पडल्याने वेदनेचा झटका येतो. झटका आला तर ९९९ला फोन करावा, पोचल्याबरोबर ‘सिकल क्रायसिस’ म्हणावं. तिथल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळायला हवं. ते मागून घ्यायला तिने संकोच करू नये.

प्रश्न : मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही दोघं महिनाभर इंग्लंडला जाणार. आमचं आयुष्मान कार्ड चालेल का?
– एक आई, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. आयुष्मान आणि महात्मा फुले योजना भारताबाहेर लागू नाहीत. व्हिजिटर व्हिसावर अधिभारही नसतो, त्यामुळे हक्कही नसतो. अपघात विभागातली पहिली तपासणी मोफत होते, पण वॉर्डात भरती केलं की एनएचएसच्या दराच्या १५० टक्के बिल लागतं. ५०० पौंडांच्या वर थकलं तर पुढचा व्हिसा अडू शकतो. प्रवास विमा घ्याच, आणि फॉर्मवर बीपी-शुगर लपवू नका. लपवलेल्या आजारावरचा दावा कंपनी फेटाळते, आणि बिल लेकीच्या गळ्यात पडतं.

प्रश्न : जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला (पगारी प्रशिक्षणाला) निवड झाली आहे. तिथे विमा कधीपासून?
– एक वाचक, पुसद

उत्तर : करार ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवसापासून. हप्ता पगारातून कापतात, साधारण अर्धा तुमचा, अर्धा मालकाचा. करार १ तारखेचा आणि विमान आधीच्या महिन्याच्या २० तारखेचं असेल, तर मधल्या दिवसांचा खासगी विमा इथूनच काढा. फोटो असलेलं विमा कार्ड पोस्टाने यायला काही आठवडे लागतात. तोवर विमा संस्थेकडून तात्पुरता दाखला मागून घ्या, दवाखान्यात तो चालतो.