तबकडीवरचा कान

प्रश्न : माझे काका बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत ब्लू नोट कंपनीची जाझची एक तबकडी सापडली. लेबलावर 'न्यूयॉर्क, यूएसए' एवढंच आहे, साल नाही. ती कधीची असेल? तिच्यावरची बुरशी कशी काढू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तबकडी खिडकीपाशी नेऊन तिरकी धरा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कानासारखी बारीक खूण दिसते का? तो खरं तर वळणदार 'पी' आहे, तबकड्या काढणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याचा. 1966 नंतर ब्लू नोटचं काम तिथून गेलं. त्याआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, लेबलावर कंपनीचा रस्त्यासकट पत्ता असायचा. तुमच्या लेबलावर रस्ता नाही. म्हणजे कान असेल, तर तुमची तबकडी साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून 1966 पर्यंतची.

शेजारी 'आरव्हीजी' दिसलं तर ते ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर. हे दिवसा लोकांचे डोळे तपासायचे आणि न्यू जर्सीत, हॅकेनसॅकला, आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचे! 1959 मध्ये त्यांनी स्वतंत्र स्टुडिओ बांधला.

कंपनी काढली बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी. डिसेंबर 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुइस यांचा पियानो ऐकून ते इतके भारावले, की 6 जानेवारी 1939 ला दोघांना घेऊन थेट स्टुडिओत. त्याच वर्षी त्यांचे बालमित्र फ्रान्सिस वुल्फ नाझी जर्मनीतून निसटून आले. वेष्टनांवरचे ते काळेपांढरे फोटो वुल्फ यांचेच.

मला मात्र या कंपनीची एक गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. ती वादकांना तालमीचेही पैसे द्यायची. मी वीस वर्षं जत्रेतल्या नाटकांना तबला वाजवला. बिदागी प्रयोगाची, तालमीला चहा आणि भजी. रात्र रात्र बसून जमवलेली जागा प्रयोगात नेमकी पडते, तिची किंमत कुणी धरत नाही. लायन धरायचे. त्या तबकड्यांत पाचसहा वाद्यं एका श्वासात उठतात, ती त्या तालमींमुळे.

आता बुरशी. अंगणात जाऊन मऊ ब्रशने आधी कोरडी झाडा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून, मऊ फडक्याने रेषांच्याच दिशेने पुसा. लेबल भिजू देऊ नका. पुन्हा नुसत्या पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवा. उन्हात ती वाकते. आतलं जुनं पाकीट टाकू नका, वेगळं जपा. तबकडीला नवं पाकीट घाला आणि पावसाळ्यात ती भिंतीला टेकून ठेवू नका.