पावणेनऊ लाखांची मर्सिडीज, पण छप्पर अर्ध्यात अडकतंय

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३७ वर्षांचे, कोल्हापुरात राहून पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करता, हातात १ लाख १० हजार येतात. वहिनी शिक्षिका, त्यांचे ४२ हजार, मुलगी पहिलीत. घराचा हप्ता ३१ हजार, शाळेसकट घरखर्च ६० हजार, एसआयपी २५ हजार, म्हणजे महिन्याला ३६ हजार उरतात. फंडात १६ लाख जमलेत, एफडी ४ लाखांची. आणि आता मुंबईत २०१० ची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर पावणेनऊ लाखांत मिळतेय, टू सीटर, बटण दाबलं की छप्पर दुमडून डिकीत जाणारी, फक्त सध्या ते छप्पर अर्ध्यात अडकतं. वडिलांच्या वर्कशॉपची शेड रिकामी आहे, तिथे शनिवार-रविवार स्वतः राबून ३ लाखांत गाडी नवी करायची, ६ लाख फंडातून काढायचे, ६ लाख पर्सनल लोन, आणि तीन वर्षांनी १८ लाखांना विकली तर "हौस पण झाली आणि कमाई पण".

नादाला माझा विरोध नाही. कोल्हापूरच्या माणसाला गाडीचा नाद सोड म्हणायची माझी हिंमतही नाही. माझं भांडण त्या १८ लाखांशी आहे.

अशी गाडी पुढे कोण घेणार बघा. दोनच सीट, इम्पोर्टेड, पंधरा वर्षं उलटलेली. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा लोन देत नाहीत, म्हणजे घेणाऱ्याकडे रोख हवी, आणि रोख १८ लाख असणारा माणूस त्याच पैशात एखादी नवी एसयूव्ही घ्यायचा विचार आधी करणार, घरचेही त्याला तेच सांगणार. "पुढे क्लासिक होईल" असंही तुम्ही लिहिलंय, तर २०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडे व्हिंटेजचा दर्जा मिळायला गाडी ५० वर्षांची लागते, म्हणजे २०६० उजाडेल आणि तुम्ही सत्तरी ओलांडलेली असेल. आणि गंमत म्हणजे इन्कम टॅक्ससुद्धा हिला गुंतवणूक मानत नाही, स्वतः वापरायची गाडी कॅपिटल अॅसेटमध्ये धरत नाहीत, त्यामुळे चुकून नफा झालाच तर त्यावर टॅक्स नाही पण तोटा झाला तर तो कशातूनही वजा करून मिळणार नाही. आणि तोट्याचीच शक्यता जास्त आहे. तेव्हा हा हौसेचा खर्च आहे असं एकदा मान्य करा, मग पुढचं बोलणं सोपं जातं.

आता तुम्ही पाठवलेलं ३ लाखांचं बजेट. पेंट ८० हजार, लेदर सीट ६० हजार, अलॉय आणि टायर ९० हजार, टचस्क्रीन स्टिरिओ ३५ हजार, एलईडी हेडलाइट २५ हजार, आणि छप्पर १० हजार. अहो, ज्या एका गोष्टीमुळे गाडी पावणेनऊला आलीय तिच्यासाठी सगळ्यात लहान रक्कम!

हे छप्पर हायड्रॉलिकवर चालतं. डिकीकडे पंप, तिथून बारीक नळ्या, सिलिंडर, त्यांची सील, शिवाय प्रत्येक टप्प्यावर एकेक सेन्सर आणि सगळ्यांवर नजर ठेवणारं कंट्रोल युनिट. नवी असताना साधारण बावीस सेकंदांत उघडायची, पण त्यातला एक जरी सेन्सर "झालं" म्हणाला नाही तर सगळं जागच्या जागी थांबतं. आता बिघाड काय असू शकतो? डिकीतला सामानाचा पडदा नीट अडकवला नसेल तरी हिचं छप्पर हलत नाही, म्हणजे खर्च शून्य. सिलिंडरची सील वयाने कडक होऊन तेल गळत असेल तर सील बदलून काम होतं, पार्ट बाहेरून मागवावे लागले तरी आवाक्यात बसतं. पंप किंवा कंट्रोल युनिट गेलं असेल, किंवा पाण्याचे निचरे तुंबून मुंबईच्या पावसाचं पाणी आत साचून वायरिंग सडलं असेल, तर मग लाखाच्या पुढचं बोलायचं, आणि कुठे थांबेल ते कुणी सांगू शकत नाही. मालक "छोटासा प्रॉब्लेम आहे" म्हणतोय, खरंच छोटा असता तर दुरुस्त करून गाडी दोन-तीन लाख जास्तीने विकली असती की त्याने!

तुम्ही म्हणाल उद्यमनगर जवळ आहे. मान्य, शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय काय बनवून मिळतं ते मला माहितीये, पितळी बुश, ब्रॅकेट, सीलसाठी मापाची रिंग, हे कोल्हापुरात पुण्यामुंबईपेक्षा स्वस्त आणि चांगलं होईल. पण मर्सिडीजचं सॉफ्टवेअर वाचणारं स्कॅनर आणि ते वाचून अर्थ लावणारा माणूस, ते कौशल्य वेगळं. (आणि हो, अर्धवट उघडलेल्या छपराखाली हात घालून काम करू नका, प्रेशर गेलं की ते खाली येतं.) तसंच इंजिन. या १.८ लिटर कॉम्प्रेसर इंजिनात टायमिंग चेन ताणली जाणं आणि कॅमशाफ्टच्या गिअरचे दाते झिजणं हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नको, सकाळी थंड असताना तुम्ही स्वतः स्टार्टर मारा आणि पहिले काही सेकंद खडखड येते का ऐका. आली तर घरी परत या.

बजेटात नसलेला सरकारी खर्च पण आहे. २०१० ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची आरसी संपलेली, ती रिन्यू केल्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही. साध्या कारला ती फी ५ हजार आहे, पण ही बाहेर बनून आलेली, त्यामुळे इम्पोर्टेड गाडीची फी लागेल, ती ४० हजार. ग्रीन टॅक्स वेगळा, पासिंगआधीची किरकोळ कामं वेगळी. रिन्यूअल पाच वर्षांचंच, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या इम्पोर्टेड गाडीची फी ८० हजार केलीय, म्हणजे गाडी ठेवलीत तर पुढच्या खेपेला तो आकडा तुमच्यासमोर येणार. आरसी रिन्यू करून देणं हे मालकाचं काम आहे असं आधीच ठरवा, नाही म्हणाला तर किमतीतून कापा.

इन्शुरन्सचं बघा. १५०० सीसीवरच्या कारचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ पासून ७,८९७ रुपये अधिक जीएसटी, तो काही फार नाही. पण स्वतःच्या गाडीचं नुकसान कव्हर करायला इतक्या जुन्या गाडीसाठी बऱ्याच कंपन्या तयार होत नाहीत, आणि झाल्या तरी पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, बोलाचालीने ठरते. तुम्ही आत ३ लाख ओतलेत म्हणून ती ३ लाखांनी वाढत नाही.

अपग्रेडबद्दल तर मी थोडी खडूसच आहे. टचस्क्रीन, एलईडी, वेगळ्या मापाचे अलॉय, यातला एकही रुपया विकताना परत येत नाही, उलट ही गाडी घेणारा हौशी माणूस "ओरिजिनल स्टिरिओ कुठाय" विचारतो. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, दंड प्रत्येक बदलामागे ५ हजार, आणि अपघातानंतर न सांगितलेल्या बदलावरून क्लेम अडला तर तो दंडापेक्षा महागात पडतो. स्टिरिओचा मोह आवरत नसेल तर बदला, पण जुना काढून खोक्यात जपून ठेवा. टायर मात्र बदलाच, नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड बघा. सात-आठ वर्षांचे टायर या गाडीवर नकोत.

तुमच्याच मेलमध्ये शेवटी एक ओळ आहे, पुण्यात हेच मॉडेल आहे, छप्पर चालतंय, सर्व्हिस रेकॉर्ड आहे, आरसी २०३० पर्यंत रिन्यू झालेली, पण मालक साडेबारा मागतोय म्हणून "परवडत नाही". आता हिशोब घाला. तुमची मुंबईची गाडी ८.७५ अधिक ३ म्हणजे पावणेबारा लाख, त्यात आरसी आणि गाडी कोल्हापूरला आणणं धरलं तर सव्वाबाराच्या आसपास, आणि तेही छप्पर दहा हजारांत झालं तर! म्हणजे पंचवीस-तीस हजार वाचवायला तुम्ही अख्खी जोखीम अंगावर घेताय. मी उलटं मोजते. साडेबारातून छपरासाठी वाईटात वाईट धरून अडीच लाख काढा, आरसीचे आणि वाहतुकीचे ५० हजार, पेंट-लेदरचे १ लाख ४० हजार, टायरचे ६० हजार, राहिले साडेसात, आणि अनोळखी बिघाडांसाठी अजून एक लाख बाजूला, म्हणजे मुंबईची गाडी साडेसहाला मिळाली तर विचार करण्यासारखी. पावणेनऊला ती स्वस्त नाही, महागच आहे.

आणि स्वतः हाताने काम करण्याचा आनंद पुण्याच्या गाडीतही मिळेल, काळजी करू नका. पंधरा वर्षांच्या मर्सिडीजमध्ये शनिवार-रविवारला काम कमी पडत नाही. लेदरला तेल, दारांचे रबर, पिवळ्या पडलेल्या हेडलाइट, पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासणं, कारण आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही.

आता पैसे आणायचे कुठून. पर्सनल लोन नको, हे मी ठामपणे सांगते. १४ टक्क्यांनी ६ लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १४ हजारांच्या जरा खाली बसतो आणि व्याज जवळपास २ लाख ३८ हजार जातं. तुमच्या ३६ हजारांतले १४ गेले की २२ उरतात, आणि गाडी नेमकी तेव्हाच पैसे मागायला लागते. फंडातून ६ लाख काढायला मी हो म्हणते, राहिलेले १० लाख मुलीच्या शिक्षणाचे, त्यांना हात नाही. काढताना अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये काढा. समजा एकूण नफा साडेतीन लाख आहे आणि सगळी युनिट वर्षभरापेक्षा जुनी, तर एकाच आर्थिक वर्षात काढल्यास १ लाख २५ हजारांची सूट वजा जाऊन उरलेल्यावर १२.५ टक्के आणि सेस धरून २९,२५० टॅक्स, दोन वर्षांत विभागलं तर सूट दोनदा मिळून १३ हजार.

हे १२ लाख फंडात ठेवले आणि १० टक्के मिळाले तर दहा वर्षांत ३१ लाख होतील, असा हिशोब बरेच सल्लागार तोंडावर मारतात. मला तो अर्धवट वाटतो. त्या न्यायाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये. घर, विमा, मुलीचं शिक्षण मार्गी असेल तर उरलेल्या पैशाची गाडी घ्या नाहीतर आणखी काही, मी कोण विचारणारी?

पण ते मार्गी नाहीये, खरी अडचण ती आहे. तुमच्याकडे टर्म इन्शुरन्स नाही, ५ लाख कव्हरची एक जुनी पॉलिसी आणि कंपनीचा मेडिक्लेम एवढंच, आणि डोक्यावर १९ लाखांचं गृहकर्ज. दीड कोटीचा टर्म प्लॅन आधी घ्या, सिगारेट ओढत नसाल तर तुमच्या वयाला वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजारांत बसेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक टर्म आणि हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, तेव्हा कुटुंबाची हेल्थ पॉलिसीही लगेच काढून टाका. मग एफडी. हप्ता आणि घरखर्च मिळून महिना ९१ हजार, सहा महिन्यांचे साडेपाच लाख हवेत, आहेत चार. तो दीड लाख आधी भरा.

एवढं करून वेगळ्या खात्यात गाडीसाठी टाकत गेलात तर दिवाळीच्या बोनससकट फंडाच्या ६ लाखांवर अजून साडेसहा जमायला मला वाटतं दीड वर्ष लागेल. पुण्याची ही गाडी तोवर जाईल, जाऊ दे, या मॉडेलला रांग लागलेली नसते. गाडी आल्यावर दरमहा ८ हजार त्याच खात्यात टाकत राहा, सर्व्हिस, टायर, बॅटरी सगळं त्यातूनच. वापर तसा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच होणार, पावसाळ्यात ती शेडमध्ये आणि मे महिन्यात टप उघडून पन्हाळ्याला जायची कुणाची टाप नाही. काही एसएलकेंना मानेवर गरम हवा सोडणारी सोय असते, कोल्हापुरात तिचा उपयोग काय ते मला अजून कळलेलं नाही.

वहिनींचं म्हणणं "त्यापेक्षा कापडी टपाची थार घ्या", पैशाच्या बाजूने त्या शंभर टक्के बरोबर आहेत, पार्ट गल्लीत मिळतात, विकायला एक फोन पुरतो. पण तुम्हाला थार नकोय हे तुमच्या मेलच्या प्रत्येक ओळीत दिसतंय, तेव्हा त्यावर मी जास्त बोलत नाही.

मुंबईची गाडी डोक्यातून जातच नसेल तर एवढं करा. अॅडव्हान्स एक रुपया देऊ नका. मर्सिडीजचं स्कॅनर असलेल्या तिथल्या एखाद्या स्वतंत्र गॅरेजवाल्याला पैसे देऊन छप्पर आणि इंजिन दोन्ही तपासून लेखी रिपोर्ट घ्या, वाहन पोर्टलवर लोनचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. मालक स्कॅनला नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला. हो म्हणाला तर टर्म प्लॅनची पॉलिसी हातात आल्यावर रिपोर्ट मला पाठवा, मग साडेसहाच्या आसपास बोलणी कशी लावायची ते बघू.