पस्तीस हे उत्तर आलं कुठून?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. डी.एड. झाल्यावर बी.ए. बाहेरून केलं. वय 34. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर गणिताचे व्हिडिओ केले, तेव्हापासून या कामाची गोडी लागली. हातच्याच्या वजाबाकीचा एक सोबत पाठवते आहे. आता इन्स्ट्रक्शनल डिझाइन, म्हणजे शिकणाऱ्याला नीट कळेल अशी धड्यांची आखणी, रीतसर शिकायचं आहे. एक खासगी क्लास चार महिन्यांत शिकवतो म्हणतो, फी 85 हजार. घरचे म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर विद्यापीठाची पदवी घे. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमचा व्हिडिओ दोनदा पाहिला. आवाज स्वच्छ, अक्षर सुंदर. 52 वजा 27, दशक सुटा केला, उत्तर 25. कुठेच चूक नाही. पण तुमच्या वर्गात याचं उत्तर 35 लिहिणारी मुलं नक्की असतील. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करतात आणि मोकळी होतात. त्या मुलाला तुमचा व्हिडिओ दाखवला, तर तो मान डोलावेल आणि पुन्हा 35 लिहील, कारण आपण कुठे घसरलो हे त्याला व्हिडिओत कुठेच दिसत नाही. इन्स्ट्रक्शनल डिझाइन त्या 35 पासून सुरू होतं. पदवी असो की क्लास, ही नजर तिथे मिळते का, एवढंच मी आधी बघते.

क्लासच्या माहितीपत्रकात ‘अ‍ॅडी’ हा शब्द असेलच. 1975 च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी ही पद्धत बांधली गेली : विश्लेषण, आराखडा, निर्मिती, वापर, मूल्यमापन. चार महिन्यांचे बरेचसे क्लास त्यातली फक्त निर्मिती शिकवतात, म्हणजे स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेट ही संगणकावरचे धडे बनवायची सॉफ्टवेअर. ती तुम्ही सुट्टीत घरी बसून शिकाल. त्यासाठी 85 हजार देऊ नका.

विश्लेषण टाळलं की काय होतं, ते मी भोगलं आहे. क्रेनचालकांसाठी सुरक्षिततेचा कोर्स करायचा होता. वेळ नाही म्हणून आमच्या कंपनीने एकाही चालकाला न भेटता 60 स्क्रीन तयार करवून घेतले, आणि ते लिहिणारी मी होते. पहिल्याच दिवशी एक वयस्क चालक चौथ्या स्क्रीनवर थांबले. आमच्या चित्रातली क्रेन खाली लोंबणाऱ्या बटणांच्या डब्यावर चालत होती. त्यांची क्रेन वर केबिनमध्ये बसून दांड्यांनी चालवायची. ‘ताई, ही आमची नव्हं,’ एवढंच म्हणाले ते. सगळा कोर्स पुन्हा लिहिला. त्यानंतर शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय मी एक ओळ लिहिली नाही.

आता पदवीचं. विद्यापीठांत हा विषय बहुधा ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ या नावाखाली येतो. मुंबईत जुहूच्या आवारात एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. मी तिथेच शिकले, म्हणून माझं माप थोडं झुकतं धरा. पण त्यासाठी मुंबईत राहावं लागेल, आणि तिसरीचा वर्ग सोडून ते आज जमणार नाही. आयआयटी मुंबईत 2010 पासून या विषयात पीएच.डी. करता येते. तो संशोधनाचा रस्ता आहे, तुमच्यासाठी अजून लांबचा. नोकरी सांभाळून करायचं तर इग्नूचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर डिप्लोमा मला जवळचा वाटतो. चालू सत्राच्या माहितीपत्रकात पात्रता आणि अभ्यासकेंद्र नीट वाचा. दुसरं कुठलंही विद्यापीठ हा विषय दूरस्थ शिकवत असेल, तर त्या अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यता यादीत स्वतः शोधा, एजंटच्या तोंडी भरवशावर जाऊ नका. आणि प्रवेशाआधी खात्याची परवानगी लेखी घ्या. ती न घेतल्याने मिळवलेली पदवी सेवापुस्तकात लागत नाही म्हणून रडणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत.

घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पुढे शिक्षक प्रशिक्षणात, डाएटसारख्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) संस्थेत जायचं मनात असेल, तर विद्यापीठाचा कागद लागतोच. डाएट तर तुमच्या अंबाजोगाईतच आहे, तिथे जाऊन विचारा. कंपनीत जायचं असेल, तर मुलाखतीत आधी तुमच्या कामाचे नमुने मागतात. कुणासाठी केलं, तो कुठे अडत होता, नंतर काय बदललं, हे दाखवता आलं पाहिजे. तुमच्याकडे तर रोज समोर बसणारा वर्ग आहे! कंपनीतल्या आम्हाला एक शिकणारा भेटायला महिना महिना लागायचा.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक करा. 35 लिहिणारी पाच मुलं निवडा. एकेकाला शेजारी बसवून गणित मोठ्याने करायला सांगा आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मध्ये दुरुस्त करू नका, हे फार जड जातं. मग त्या पाचांसाठी दोन मिनिटांचा नवा व्हिडिओ करा, काड्यांचे गठ्ठे घेऊन, 35 पासून सुरुवात करून. आठवड्याने तीच गणितं पुन्हा द्या. दोन्ही वेळच्या वह्यांचे फोटो मला पाठवा, मुलांची नावं झाकून.